पाहुण्याचा पी.पी. नंबर

संगणकाच्या पोटात दुसरा संगणक वसवायचा, ही कल्पना आता इतकी जुनी झाली आहे की तिचं कुणी आश्चर्य केलं तर लोक त्या माणसाकडेच आश्चर्याने बघतात. आयबीएमने १९७२ साली आपल्या अवाढव्य यंत्रांसाठी व्हीएम/३७० आणलं. एका यंत्राला आपण अनेक यंत्रं आहोत असं वाटायला लावण्याची विद्या तेव्हापासून बाजारात आहे. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने ती टेबलावरच्या संगणकात आणून ठेवली, २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळायला लागलं, आणि मग ही विद्या घरोघरी गेली. आज कुणीही दुपारच्या चहाआधी एक अख्खा संगणक निर्माण करू शकतो. त्याला रॅम द्यायची, हार्ड डिस्क द्यायची, पडदा द्यायचा, जन्मतारीखसुद्धा आपणच द्यायची. एवढ्या कमी मेहनतीत सृष्टी होते हे ब्रह्मदेवाला कळलं असतं तर त्यानेही कमळातून उठायचे कष्ट घेतले नसते. सगळं सुरळीत चाललेलं असतं, आणि मग नेटवर्कचा रकाना येतो. तिथे ब्रह्मदेव थबकतो.

रॅम किती द्यायची, हा हिशेबाचा प्रश्न असतो. आठ जीबीतली दोन दिली तर आपल्याला सहा उरतात, चौथीतलं गणित. डिस्कचंही तसंच. पण नेटवर्कच्या रकान्यात हिशेब चालत नाही. तिथल्या बाणावर टिचकी मारली की एक यादी खाली उलगडते: नॉट अटॅच्ड, नॅट, ब्रिज्ड अ‍ॅडॅप्टर, इंटर्नल नेटवर्क, होस्ट-ओन्ली अ‍ॅडॅप्टर, आणखी खाली नॅट नेटवर्क, जे नॅटच्या इतकं शेजारी आणि तरी इतकं वेगळं की जुळ्या भावांपैकी एकाशीच आपली ओळख असावी आणि नेमका दुसरा भेटावा. ही सगळी नावं गंभीर, इस्त्रीची, अभियंत्यांनी ठेवलेली. विचारत मात्र ती एकच गोष्ट असतात. हा जो जीव तुम्ही आत्ता जन्माला घातलात, तो कुणाशी बोलेल? जगाशी? फक्त तुमच्याशी? की कुणाशीच नाही? ज्या प्रश्नावर मोठमोठ्या एकत्र कुटुंबांचे वांधे झाले, तो इथे एका निरुपद्रवी खिडकीत, ओके आणि कॅन्सल यांच्या वरच्या बाजूला, निमूट बसलेला असतो. त्या खिडकीपाशी मी गरजेपेक्षा जास्त वेळ रेंगाळतो, हे घरच्यांनी आता स्वीकारलं आहे.

या शास्त्रात बाहेरच्या संगणकाला होस्ट म्हणतात आणि आतल्याला गेस्ट. माझ्याकडचा पाहुणा म्हणजे विंडोज एक्सपी. तो २००१ च्या ऑक्टोबरात आला, आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याची देखभाल थांबवली. मी त्याला ठेवून घेतलं ते पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रामसाठी. आमच्या लहानशा दिवाळी अंकाचे जुने अंक पेजमेकरमध्ये लावलेले आहेत आणि त्यांतली अक्षरं श्रीलिपीची. त्या काळातला मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली देवनागरी चित्रं. फॉन्ट आहे तोवर कविता. फॉन्ट काढून घेतला की खालून टोप्या घातलेले इंग्रजी स्वर, डॉलरची चिन्हं आणि अर्धवट कंस बाहेर पडतात. नव्या संगणकावर त्या फाइली उघडल्या तर संपादकीय आणि उकडीच्या मोदकांची जाहिरात यांत काही फरक उरत नाही. दोन्ही सारखीच अगम्य. शिवाय पेजमेकरची शेवटची आवृत्तीसुद्धा २००१ चीच, म्हणजे ती आणि एक्सपी एकाच वर्गातले. नव्या विंडोजवर तिला करमत नाही. मग दोघांना एका खोलीत बसवलं की झालं. खिडकी उघडते, एक्सपीच्या पडद्यावरची ती हिरवी टेकडी दिसते, चार्ल्स ओ'रियर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रस्त्याने जाताना टिपलेली, आणि तो जुना सूर वाजतो. टेकडीवर आता द्राक्षाचे मळे आहेत म्हणे. एक्सपीला ते कुणी सांगितलेलं नाही.

अशाच एका जुन्या अंकाची पानं चाळताना एक पाव पानाची जाहिरात सापडली. कर्वे रस्त्याकडच्या एका शिकवणीवर्गाची. खाली पत्ता, त्याखाली फोन नंबर, आणि नंबरापुढे कंसात बारीक टायपात दोन अक्षरं: पी.पी. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना पुढचं काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. पी.पी. म्हणजे फोन माझा नाही, शेजारच्यांचा आहे. पण तुम्ही तिथे लावा, ते मला हाक मारतील. व्हिजिटिंग कार्डावर, लग्नाच्या पत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर लोक हा कंस बिनदिक्कत छापत. दुसऱ्याच्या दिवाणखान्यातल्या वस्तूवर आपली सामाजिक प्रतिष्ठा उभी करायची, आणि तसं प्रामाणिकपणे कंसात सांगायचंही. ती जाहिरात बघताना माझ्या लक्षात आलं की मी ज्या यादीपाशी इतक्या वेळा रेंगाळलो, तिच्यातलं सगळं मला लहानपणापासून येत होतं. फक्त तेव्हा त्याला नॅट म्हणत नसत.

आमच्या वाड्यात फोन एकच, तळमजल्यावर मालकांकडे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. काळा, जड, तबकडीचा फोन, भिंतीतल्या फडताळात, अंगावर क्रोशाची जाळी. नव्या फोनसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघत, त्यामुळे वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाचं बाहेरचं जग त्या फडताळातून जात असे. तबकडीच्या एका भोकात अण्णांनी छोटं कुलूप घातलेलं होतं; किल्ली जानव्याला. (रिसीव्हर ठेवायच्या दांडीवर ठरावीक लयीत टिचक्या मारून कुलूप असतानाही फोन लावता येतो, हे वाड्यातल्या दोनतीन होतकरू मुलांना माहीत होतं. पुढे त्यातला एक टेलिफोन खात्यातच लागला.) मुंबईला किंवा नागपूरला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करावा लागे. बुक करून माणूस वर जाऊन आमटीला फोडणी घाली, आणि तासाभराने एक्स्चेंजचा फोन येई. आता मुद्दा असा की एक्स्चेंजला फक्त अण्णांचा नंबर ठाऊक. कॉल कुणी मागितला होता, वरच्या आत्यांनी की मागच्या खोलीतल्या बँकवाल्यांनी, हे अण्णांनाच लक्षात ठेवावं लागे. त्यासाठी फडताळात एक लाल बांधणीची डायरी होती. वेळ, गाव, मागणाऱ्याचं नाव. फोन वाजला की अण्णा डायरीत बोट फिरवत आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारत. काम झालं की नोंदीवर रेघ.

नॅट म्हणजे तंतोतंत हे. पाहुण्याला बाहेरचं काही हवं असलं की तो यजमानाला सांगतो. यजमान आपल्या नावाने ती विनंती बाहेर धाडतो आणि एका कोष्टकात नोंद ठेवतो, की या क्रमांकाच्या दारातून गेलेली विनंती आतल्या अमक्याची. उत्तर आलं की कोष्टक बघून ते आत पोचवतो. फार वेळ उत्तर आलं नाही तर नोंद पुसून टाकतो. बाहेरच्या जगाला पाहुण्याच्या अस्तित्वाचा पत्ताही नसतो. त्याला फक्त अण्णा दिसतात. आणि बाहेरून कुणी आपण होऊन पाहुण्याला हाक मारायची ठरवली, तर ते शक्य नाही, कारण डायरीत तशी नोंदच नाही. त्यासाठी आधी सांगून ठेवावं लागतं. आमच्याकडे आत्यांच्या मुलाने तसं सांगून ठेवलेलं होतं: फोन दोनदा वाजून बंद झाला आणि लगेच परत वाजला तर तो त्याचा, अण्णांनी उचलायचाही नाही, नुसती हाक मारायची. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. यजमानाच्या २२२२ क्रमांकाच्या दारावर कुणी आलं तर न विचारता पाहुण्याच्या २२ क्रमांकाच्या दारी नेऊन सोडायचं, असा नियम आजही हजारो विद्यार्थी रोज लिहितात. आत्यांच्या मुलाच्या त्या फोनांमागे कोण होतं, ते वाड्याला पुढच्या वर्षी पत्रिकेवरून कळलं.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नॅट निवडलं की पाहुण्याला घरातला एक पत्ता मिळतो: १०.०.२.१५. अण्णा, म्हणजे यजमान, त्याला १०.०.२.२ वर भेटतात आणि साइटच्या नावावरून पत्ता विचारायचा तर १०.०.२.३ वर. यातली गंमत पुढेच आहे. त्याच संगणकात दुसरा पाहुणा ठेवला आणि त्यालाही नॅट दिलं तर त्याचाही पत्ता १०.०.२.१५. तिसऱ्याचाही तोच. प्रत्येकाला वाटतं की या घरात आपणच एकटे पाहुणे आहोत आणि अण्णा सर्वस्वी आपले आहेत. भिंतीपलीकडे तशाच खोलीत, तशाच पत्त्यावर, तसाच कुणी बसलेला आहे याची एकमेकांना गंधवार्ता नसते, आणि एकमेकांशी बोलायची सोयही नसते. (ती हवी असेल तर ते जुळं भावंड, नॅट नेटवर्क.) या क्षणी कोल्हापुरातल्या एखाद्या होस्टेलमध्ये आणि क्राकोवमधल्या एखाद्या स्वयंपाकघरात दोन यंत्रं आपला पत्ता १०.०.२.१५ असल्याचं गंभीरपणे सांगत असतील, आणि दोघांचंही खरं असेल. एवढ्या जणांनी एकाच पत्त्यावर सुखाने राहिल्याचं उदाहरण मला पुण्यातल्या पेठांतही आठवत नाही.

ही विद्या कागदावर कधी आली ते बघायला गेलो तर एक योगायोग हाती लागला. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी नॅटचा मसुदा प्रसिद्ध केला, आरएफसी १६३१. इंटरनेटचे पत्ते संपत चालले होते. सगळे मिळून ४२९ कोटींच्या आसपासच, आणि वाटप सढळ हाताने झालेलं. तेव्हा अनेकांनी मोजक्या पत्त्यांआड राहावं, अशी युक्ती त्यांनी सुचवली, आणि तीही तात्पुरती म्हणून. त्याच मे महिन्यात आपल्या सरकारने राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर केलं. त्यातलं एक उद्दिष्ट असं होतं की १९९७ पर्यंत मागेल त्याला फोन मिळावा. म्हणजे इकडे आम्ही पी.पी. संपवायचा निश्चय करत होतो आणि नेमकं तेव्हाच तिकडे दोन विद्वान सगळ्या जगासाठी पी.पी. ची रीतसर आखणी करत होते. पुढे काय झालं ते आपण जाणतोच. आमच्याकडचा पी.पी. खरोखरच गेला. आणि तात्पुरता म्हणून उभारलेला तो दुसरा मांडव, सगळे तात्पुरते मांडव जसे राहतात तसा, राहिला.

राहिला म्हणजे किती, तर आता तो माळ्यावर माळे चढवत गेला आहे. माझा एक्सपी लॅपटॉपच्या आड. लॅपटॉप घरातल्या राउटरच्या आड, १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या खासगी पत्त्यावर. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने हे पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवले, कुणीही घ्यावेत, बाहेर नेऊ नयेत. आणि खुद्द राउटर? बऱ्याच इंटरनेट कंपन्यांकडे तोही कंपनीच्या मोठ्या नॅटच्या आड असतो, १००.६४ पासूनच्या पत्त्यांवर. हे पत्ते खास त्यासाठीच २०१२ मध्ये वेगळे काढले. म्हणजे एक्सपीला एखादं पान हवं असेल तर तो अण्णांना सांगणार, अण्णा त्यांच्या अण्णांना, ते त्यांच्या अण्णांना. तीन डायऱ्यांत तीन नोंदी. आणि उत्तर उलट्या क्रमाने हाका मारत मारत खाली येणार. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं म्हणून आपल्याला भव्य वाटतं. वाड्यात तेच जरा हळू होत असे, इतकंच.

यादीतला रुबाबदार पर्याय म्हणजे ब्रिज्ड. ब्रिज्ड म्हणजे पाहुण्याने स्वतःच्या नावावर फोन घेतला. आता तो यजमानाच्या आड नाही. राउटरकडून त्याला स्वतंत्र पत्ता मिळतो आणि घरातल्या उपकरणांच्या यादीत टीव्ही, मुलीचा मोबाइल आणि प्रिंटर यांच्या पंक्तीला तो बसतो. प्रिंटर त्याला हाक मारू शकतो, तो प्रिंटरला. ज्याला घरच्या घरी सर्व्हर चालवायचा आहे, दुसऱ्या खोलीतल्या संगणकावरून तो वापरायचा आहे, त्याला ब्रिज्डशिवाय सुख नाही. पण यातही एक पुणेरी अट आहे. तारेने जोडलेल्या घरात हे ठीक चालतं. वाय-फायवर मात्र राउटर म्हणतो, मी ज्याच्याशी नातं जोडलं त्या एकाच हार्डवेअर पत्त्याचं बोलणं ऐकून घेईन. मग व्हर्च्युअलबॉक्स काय करतं, तर पाहुण्याच्या प्रत्येक पाकिटावरचा प्रेषकाचा हार्डवेअर पत्ता खोडून तिथे लॅपटॉपचा लिहितं. म्हणजे कनेक्शन स्वतःच्या नावाचं, यंत्र मात्र अण्णांचंच. वाड्यात ज्यांना स्वतःचा फोन आला त्यांचंही पहिल्या वर्षी असंच होत असे. नंबर डिरेक्टरीत छापून आलेला, पण नातेवाइकांच्या डोक्यात जुनाच बसलेला, त्यामुळे मंगळागौरीचं आमंत्रण अण्णांकडेच यायचं.

आणि तो पाहुण्याचा हार्डवेअर पत्ता, ज्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात, तोही बघण्यासारखा असतो. बाजूच्या गोल बाणावर टिचकी मारली की नवा मिळतो, हव्या तितक्या वेळा. पण सुरुवात नेहमी ०८:००:२७. या क्रमांकांची नोंद ठेवणाऱ्या याद्यांत ही सुरुवात वर्षानुवर्षं कॅडमस कॉम्प्युटर सिस्टिम्स नावाच्या एका जुन्या संगणक कंपनीच्या नावे दिसत असे. म्हणजे नसलेल्या यंत्रातलं नसलेलं कार्ड, आणि त्यावर न उरलेल्या कंपनीचं आडनाव. एक्सपीच्या बाबतीत ते कार्डही एएमडीच्या जुन्या पीसीनेट फास्ट थ्रीची नक्कल असतं, कारण बहुतेक नव्या कार्डांची त्याला ओळख पटत नाही. ‘फास्ट’ हे विशेषण शंभर मेगाबिटांना उद्देशून आहे. एकेकाळी तो खरोखरच वेग होता.

होस्ट-ओन्ली आणि इंटर्नल यांच्याबद्दल फार बोलायचं कारण नाही. होस्ट-ओन्ली म्हणजे इंटरकॉम, यजमान १९२.१६८.५६.१ वर, पाहुणे त्याच गल्लीत पुढे, आपसात काय हवं ते बोला, बाहेरची लाइन नाही. इंटर्नल म्हणजे काडेपेटीच्या दोन रिकाम्या खोक्यांत दोरा ओवून आम्ही गच्चीवरून अंगणात बोलायचो तो फोन. दोन पाहुणे आपसात बोलतात आणि अण्णांनासुद्धा ऐकू जात नाही. जे ऐकू जाऊ नये असं त्या काडेपेटीतून आम्ही काय बोललो असू, ते मात्र आठवत नाही. बहुधा ‘ऐकू येतंय का’ एवढंच.

ऐकण्यावरून आठवलं. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ असं लिहिलेल्या त्रिकोणावर दाबलं की आत प्रॉमिस्क्युअस मोड नावाचा एक चावट रकाना आहे. त्याचा अर्थ, दुसऱ्याच्या नावाने चाललेली बोलणी या पाहुण्याने ऐकावीत का? डिनाय, अलाऊ व्हीएम्स, अलाऊ ऑल. अण्णांकडे पुढे वरच्या मजल्यावर पॅरलल फोन बसला, तेव्हा हा प्रश्न वाड्यात शिष्टाचाराचा म्हणून ऐरणीवर आला होता. वरचा रिसीव्हर उचलला की खालचं सगळं ऐकू येई. श्वास रोखून ऐकायचं असे, आणि तरी खालून आवाज यायचा, ‘वहिनी, ठेवा आता.’ कार्डाला श्वास रोखायची कला येते. म्हणून तो रकाना डिनायवर असतो, तसाच राहू द्यावा.

त्याच्याच खाली, शेवटी, एक चौकोन आहे: केबल कनेक्टेड. माझ्या मते या सगळ्या खिडकीतलं साहित्य एवढ्या चौकोनात आहे. तिथली बरोबरची खूण काढली की एक्सपीच्या उजव्या कोपऱ्यात त्या दोन चिमुकल्या संगणकांवर लाल फुली येते आणि पिवळा फुगा वर येऊन सांगतो की नेटवर्कची केबल निघाली आहे. केबल. जिथे ना टेबल, ना मागची भिंत, ना भिंतीतला सॉकेट, तिथे एक केबल निघाली आहे, आणि हा वीसहून जास्त वर्षांपूर्वीचा भला गृहस्थ आपल्याला तसं कळवतो आहे, म्हणजे कुणीतरी वाकून, धूळ झटकून, ती परत खोचावी. त्याला माहीत असलेल्या जगात नेटवर्क बंद पडायचं तेच एक सभ्य कारण. बाहेरचं जग त्याच्यासाठी असुरक्षित झालं आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टला देखभाल थांबवलेल्या एक्सपीसाठीही घाईने डागडुजी पाठवावी लागली. नॅटच्या आड बाहेरून त्याला कुणी हाक मारू शकत नाही हे खरं, पण हा स्वतःच भलत्या ठिकाणी फोन लावून घरचा पत्ता देऊन बसू शकतो. आणि लावूनही उपयोग नसतो. आजच्या बहुतेक साइट त्याच्या इंटरनेट एक्सप्लोररला उंबऱ्यावरूनच परत धाडतात, कारण सुरक्षिततेची आजची बोली त्याला येत नाही. त्याच्याशी भांडणात न शिरता, केबल निघाली आहे एवढंच सांगणं मला बरं वाटतं.

आमच्या घरची लँडलाइन आम्ही बंद केली, तेव्हा यंत्र कुणी हलवलं नाही. ते कोपऱ्यातल्या तिपाईवर राहिलं, जाळीसकट. आई रोज तिपाई पुसायची आणि पुसून झालं की रिसीव्हर उचलून एकदा कानाशी धरायची. बाबांनी विचारलं, ‘काय ऐकतेस?’ ती म्हणाली, ‘काही नाही. लागलाय का बघितलं.’ नंबर बंद केल्याचं तिला नीट ठाऊक होतं. अर्जावर सही तिचीच होती.

तर ज्यांना हा नेटवर्कचा रकाना आज ना उद्या भरायचा आहे त्यांच्यासाठी. नवं लिनक्स शिकायला घेतलं असेल तर नॅट राहू द्या. कारखान्यातून येतानाच ते निवडलेलं असतं आणि ते शहाणपणाचं आहे. आपल्या लॅपटॉपवरून त्या पाहुण्याशी बोलायचं असेल तर दुसरं कार्ड जोडा आणि त्याला होस्ट-ओन्ली द्या. एका पाहुण्याला एकाहून जास्त कार्डं चालतात. ब्रिज्ड तेव्हाच, जेव्हा घरातल्या इतर यंत्रांनी त्याला गाठायलाच हवं, आणि घर आपलं असेल तर. ऑफिसच्या किंवा होस्टेलच्या नेटवर्कवर आधी विचारा. पाहुणा एक्सपीसारखा वयस्क असेल तर नॉट अटॅच्ड. फाइलींची ने-आण शेअर्ड फोल्डरमधून होते, तिला नेटवर्क लागत नाही. काहीही निवडलंत तरी ते मशीन चालू असतानाही बदलता येतं, त्यासाठी त्याला झोपवावं लागत नाही.

आणि तुमच्याकडे जुन्या फॉन्टांत लावलेले अंक, स्मरणिका, कुणाचे हस्तलिखितावरून टाइप केलेले लेख पडलेले असतील, तर पाहुणा बोलतो आहे तोवर ते युनिकोडमध्ये उतरवून घ्या. आमचे तीन अंक झाले आहेत. त्या शिकवणीवर्गाची जाहिरातही झाली, कंसासकट.